यिल्माझ : कूळ नसलेल्या आडनावाचा माग

जर्मनीच्या रूर खोऱ्यात, गेल्सनकिर्शन किंवा डुइसबुर्गच्या कामगारवस्तीत, एखाद्या इमारतीच्या दाराशी घंटीच्या बटणांशेजारच्या पाट्या वाचत गेले की यिल्माझ हे आडनाव फार शोधावे लागत नाही. कधी एकाच जिन्यावर दोन बिऱ्हाडे यिल्माझ असतात आणि त्यांचे एकमेकांशी काडीचेही नाते नसते. मराठी माणसाची पहिली शंका ठरलेली: हे मूळचे कुठले, कूळ एकच का? चिपळूणकर म्हटले की चिपळूण, देशपांडे म्हटले की परगण्याचे वतन, ही आपली सवय. यिल्माझपाशी ती पहिल्याच पायरीला फसते. घराणे कुठून आले हे या आडनावावरून कळत नाही. ते तुर्कस्तानातून साधारण कधी बाहेर पडले, एवढे मात्र बऱ्यापैकी कळते. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत आणि सगळा उपयोग याच एका गोष्टीत आहे.

तुर्कस्तानातल्या आडनावांच्या यादीत यिल्माझ पहिले. त्याच्यामागे काया (खडक) आणि देमिर (लोखंड). देमिर म्हणजे आपल्याला इतिहासात भेटलेल्या तैमूरच्या नावातलाच शब्द, फक्त अनातोलियाच्या (तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या) उच्चारातला. पण काया, देमिर, चेलिक (पोलाद) ही नामे आहेत. यिल्माझ हे क्रियापद आहे.

शब्दाची घडण

'यिल्मक' म्हणजे कचरणे, धीर सोडणे. त्याच्या धातूला 'माझ' हा नकाराचा प्रत्यय लागला की 'कचरत नाही' असे तृतीयपुरुषी रूप होते. तेच आडनाव. प्रत्ययाला स्वरसंगतीचा नियम लागू असतो: धातूतला स्वर जिभेच्या मागच्या भागातून निघणारा असेल तर 'माझ', पुढच्या भागातून निघणारा असेल तर 'मेझ'. म्हणून कोर्कमाझ (घाबरत नाही) आणि सोल्माझ (कोमेजत नाही), पण दोनमेझ (मागे फिरत नाही) आणि सोनमेझ (विझत नाही); या दोहोंतला ओ तुर्कीत वेगळा, जिभेच्या पुढच्या भागातून निघणारा आहे, आपल्या लिपीत तो फरक दिसत नाही. ही सगळी आजची प्रचलित आडनावे आहेत आणि सगळी एकाच साच्यातली. 'यिल' म्हणजे वर्ष, 'यिलान' म्हणजे साप, 'यिल्दिझ' म्हणजे तारा. या तिन्हींशी यिल्माझचा संबंध लावून दिलेल्या व्युत्पत्ती इंटरनेटवर फिरत असतात. त्या चुकीच्या आहेत.

पहिला स्वर आपल्या लिपीत नीट बसत नाही. तुर्कीच्या रोमन वर्णमालेत आय हे अक्षर दोन प्रकारचे: टिंब असलेले आणि टिंब नसलेले. टिंब असलेले म्हणजे आपला इ. बिनटिंबाच्या अक्षराचा उच्चार अ आणि इ यांच्या मधला, ओठ न गोलावता, जीभ मागे ओढून करायचा. त्यामुळे मराठीत कुणी यल्माझ लिहील, कुणी यिल्माझ, आणि दोघेही थोडेथोडे चुकतील. हा टिंबाचा प्रश्न दिसतो किरकोळ, पण पुढे मोजदाद करताना सर्वांत जास्त घोळ हाच घालतो.

१९३४ च्या आधी काय होते

उस्मानी काळात बहुसंख्य मुसलमान रयतेला आजच्या अर्थाचे आडनाव नव्हते. माणूस ओळखला जाई तो बापाच्या नावाने, गावाने, धंद्याने किंवा टोपणनावाने. या टोपणनावाला 'लाकाप' म्हणत (आपल्या 'लकब'चाच भाऊ). प्रतिष्ठित घराण्यांना '-झादे' किंवा '-ओलू' (दोन्हींचा अर्थ पुत्र) लागे. कोल्हापूर-सांगलीकडच्या पीरजादे या आडनावात हाच फारसी 'जादे' आहे. धंद्याच्या नावातला '-जी' किंवा '-ची' हा तुर्की प्रत्यय आपल्याकडे मशालची, खजानची या शब्दांतून उतरलाच आहे. तुर्कस्तानात त्यातून देमिर्जी (लोहार), तोपचू (तोफची) अशी आडनावे झाली.

आडनावांचा कायदा आला तो क्रमांक २५२५चा. २१ जून १९३४ रोजी संमत, २ जुलै १९३४ रोजी राजपत्रात, आणि सहा महिन्यांनी, म्हणजे २ जानेवारी १९३५ पासून लागू. प्रत्येक तुर्काने नावापुढे आडनाव लावलेच पाहिजे. बोलताना, लिहिताना, सही करताना आधी नाव, मग आडनाव. तिसऱ्या कलमाने काय चालणार नाही ते सांगितले: हुद्द्यांची नावे, टोळ्यांची नावे, परकी वंश आणि राष्ट्रांची नावे, असभ्य किंवा हास्यास्पद नावे. घरातल्या कर्त्या पुरुषाने बायकोमुलांसाठी निवड करायची, सज्ञान व्यक्तीने स्वतःची स्वतः. यासाठी २ जुलै १९३६ पर्यंत मुदत होती. तोवर ज्यांनी निवडले नाही त्यांना प्रांताधिकाऱ्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने आडनाव नेमून द्यायचे.

डिसेंबर १९३४ च्या नियमावलीने आणखी आवळले. नवी आडनावे तुर्की भाषेतलीच हवीत. '-यान', '-ओफ', '-विच', '-इस', '-पुलोस', '-झादे' असे शेवट नकोत. पहिले चार-पाच कोणाकडे बोट दाखवतात हे उघड आहे: आर्मेनियन, बल्गेरियन, सर्ब, ग्रीक. त्याआधी नोव्हेंबर १९३४ मध्येच आगा, हाजी, हाफिज, मोल्ला, एफेंदी, बे, पाशा या पदव्या क्रमांक २५९० च्या कायद्याने रद्द झाल्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रात मुल्ला हे सरळ आडनाव आहे; तुर्कस्तानात तो शब्द नावाला पदवी म्हणून जोडणे बेकायदा ठरले. तरी मोल्लाओलू, हाजीओलू अशी जोडनावे पुष्कळ निसटली. कागदावरचा कायदा आणि टेबलापलीकडचा कारकून यांच्यात नेहमीच थोडी फट असते.

आता या कारकुनाकडे नीट पाहायला हवे, कारण यिल्माझ इतके पसरण्याचे बरेचसे श्रेय त्याचे. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली होती. १९२७ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम दहा-अकरा टक्के होती. १९३५ च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर गेली. एवढ्या लोकांना दीड-दोन वर्षांत आडनाव द्यायचे, तेही शुद्ध तुर्की, आणि त्यातले बहुतेकजण नवी लिपी वाचू न शकणारे. वर्तमानपत्रांनी नावांच्या याद्या छापल्या, पुस्तिका निघाल्या, नोंदणी कचेऱ्यांत त्या टेबलावर असत. खेड्यातला माणूस येई, कारकून यादीवर बोट ठेवी.

अशा यादीत यिल्माझसारखे नाव कुणालाच अडचणीचे नव्हते. ते उच्चाराला दोनच अवयवांचे, नव्या लिपीत लिहायला सोपे, निखळ तुर्की. त्यात टोळी नाही, धर्म नाही, गाव नाही, हुद्दा नाही. १९१९ ते १९२२ च्या स्वातंत्र्ययुद्धाची आठवण ताजी असताना 'न कचरणारा' हा अर्थ माणसाला आवडणारा आणि सरकारला चालणारा. लोकांनी मागून घेतलेली आणि कारकुनांनी वाटलेली यिल्माझ किती-किती, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. पण वाटप करणाऱ्याला सर्वांत सोयीचे तेच सर्वांत जास्त वाटले जाते, हे शिधावाटपाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही पटेल.

याचा परिणाम असा की सख्ख्या नात्यातल्या माणसांची आडनावे वेगळी झाली. सर्वांत ठळक उदाहरण वरच्याच घरचे आहे. मुस्तफा केमालना २४ नोव्हेंबर १९३४ च्या खास कायद्याने आतातुर्क हे आडनाव मिळाले, आणि ते इतर कोणी लावायचे नाही असेही ठरले. त्यांची सख्खी बहीण मकबूले हिचे आडनाव झाले आतादान. दोन गावांत राहणाऱ्या दोन सज्ञान भावांनी दोन कचेऱ्यांत दोन आडनावे घेतली, असे तर सर्रास झाले. उलट बाजूने, शेकडो मैलांवरच्या अनोळखी घरांना एकच यिल्माझ मिळाले. तुर्कीत आडनावाला 'सोयादी' म्हणतात. 'सोय' म्हणजे कूळ, 'आद' म्हणजे नाव. नाव कुळाचे, पण त्यावरून कूळ कळत नाही. यिल्माझने यिल्माझशी लग्न केले तर सगोत्र म्हणून कुणाची भुवईही वर जात नाही.

आणखी एक गैरसमज इथेच संपवावा. यिल्माझ म्हणजे वांशिक तुर्क असे नाही. कायदा कुर्द, लाझ (काळ्या समुद्राकाठचा समाज), सर्केशियन (कॉकेशसमधून आलेले), अरब, सीरियाक ख्रिस्ती सगळ्यांना लागू होता. टोळीचे नाव लावायला बंदी होती, त्यामुळे कुर्द घरांवर तर यादीतलेच नाव येण्याची शक्यता जास्त. बर्लिनमधल्या दोन यिल्माझांपैकी एकाची आजी कुर्दिश बोलणारी आणि दुसऱ्याची लाझ, हे अगदी सहज असू शकते.

बाहेरचा नकाशा

परदेशातले यिल्माझ मुख्यतः करारांच्या रस्त्याने गेले. पश्चिम जर्मनीशी कामगारभरतीचा करार ३० ऑक्टोबर १९६१ चा. मग ऑस्ट्रिया १५ मे १९६४, बेल्जियम १६ जुलै १९६४, नेदरलँड्स १९ ऑगस्ट १९६४, फ्रान्स ८ एप्रिल १९६५, स्वीडन १० मार्च १९६७ आणि ऑस्ट्रेलिया ५ ऑक्टोबर १९६७. इस्तंबूलच्या जर्मन संपर्क-कचेरीत दात, रक्त, लघवी, हातांचे स्नायू सगळे तपासून निवडलेला कामगार सिर्केजी स्थानकावर गाडीत बसे आणि म्युनिकच्या मुख्य स्थानकात अकरा क्रमांकाच्या फलाटावर उतरे. भरती २३ नोव्हेंबर १९७३ रोजी तेलसंकटाच्या काळात थांबली. तोवर साडेआठ लाखांच्या वर कामगार जर्मनीत येऊन गेले होते. त्यातले निम्म्याहून अधिक परतले. जे राहिले त्यांनी बायकामुले आणली, आणि आज तुर्की मुळाचे सुमारे २८ ते ३० लाख लोक तिथे आहेत.

इथे एक बारकावा आहे. स्थलांतर गावागावांच्या साखळीने झाले: झोंगुलदाकच्या कोळसा खाणींतले कामगार रूरच्या खाणींत, अफ्योन प्रांतातल्या एमिरदाची माणसे ब्रसेल्सच्या स्कारबेक भागात आणि गेंटमध्ये, कोन्याजवळच्या कुलूची माणसे स्वीडनमध्ये, काळ्या समुद्राकाठच्या गिरेसून प्रांतातल्या यालिदेरेची माणसे अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये. दुर्मीळ आडनाव असेल तर ही साखळी नकाशावर उमटते: तुर्कस्तानात एक तालुका, युरोपात एक उपनगर. यिल्माझची तशी साखळी उमटत नाही, कारण ते मुळात सगळीकडे आहे. त्याचा परदेशी नकाशा म्हणजे १९६१ नंतरच्या तुर्की स्थलांतराचाच नकाशा, फक्त लहान मापात. आडनावांच्या वाटणीचा (कोणते कुठे किती आढळते याचा) अभ्यास करणाऱ्याने यिल्माझ हे तुलनेची पट्टी म्हणून वापरावे. दुसऱ्या एखाद्या आडनावाचे प्रमाण एखाद्या शहरात यिल्माझच्या मानाने फार जास्त दिसले, तर तिथे साखळी आहे असे समजावे.

यिल्माझ जिथे नाही ते भाग तर अधिक बोलके आहेत.

बल्गेरियात शतकानुशतके तुर्क राहतात, पण १९३४ चा कायदा त्यांना लागू नव्हता. त्यांचे तिसरे नाव आजोबांच्या किंवा बापाच्या नावाला '-ओव' लावून होई. वेटलिफ्टर नाइम सुलेमानोलू यांच्या एका आयुष्यात हा सगळा इतिहास सामावला आहे. बल्गेरियाच्या कर्जाली भागात जन्म झाला तेव्हा ते नाइम सुलेमानोव. १९८४-८५ मध्ये बल्गेरियन सरकारने तुर्कांची नावे सक्तीने बदलली तेव्हा ते नाउम शालामानोव. डिसेंबर १९८६ मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेवेळी ते निसटून तुर्कस्तानात पोचले आणि सुलेमानोलू झाले. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेताना पाटीवर तेच नाव होते. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक तुर्कांनी बल्गेरिया सोडला. तुर्कस्तानात नागरिकत्व घेताना त्यांना तुर्की आडनावे मिळाली, काहीजण पुढे परत गेले, आणि १९९० च्या कायद्याने बल्गेरियातही जुनी नावे परत घेता येऊ लागली. त्यामुळे तुर्कस्तानातल्या बुर्साचा चुलतभाऊ एका आडनावाचा, कर्जालीचा दुसऱ्या आणि कोलोनचा तिसऱ्या, अशी घरे आहेत. अशा घरात 'यिल्माझ' सापडला तर तो फार तर १९८९ किंवा १९५० च्या दशकातल्या स्थलांतराएवढाच जुना.

ग्रीसच्या पश्चिम थ्रेसमधले मुसलमान १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीतून वगळले गेले होते. तिथेही हा कायदा पोचला नाही. सायप्रस तेव्हा ब्रिटिशांकडे. तिथले तुर्क बापाचे नावच आडनाव म्हणून लावत, आणि आडनावे घेण्याची लाट १९७० च्या दशकात आली. म्हणून लंडनमधल्या जुन्या तुर्की-सायप्रियट घरांत हसन, मेहमेत, उस्मान, एमिन अशी आडनावे भेटतात. चित्रकार ट्रेसी एमिन यांचे वडील तुर्की-सायप्रियट होते. त्यांचे आडनाव याच जातीचे. लंडनमध्ये यिल्माझ भेटला तर त्याचे घर बहुधा मुख्य भूमीवरून नंतर आलेले. अमेरिकेतही हीच कसोटी लागते. मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडीच्या चामड्याच्या कारखान्यांत उस्मानी काळातच तुर्क आणि कुर्द मजूर आले होते. १९२४ च्या कायद्याने ती वाट बंद झाली, तेव्हा यिल्माझ हे आडनाव जन्मायचे होते. १९३४ पूर्वीच्या जहाजाच्या उतारूयादीत यिल्माझ दिसला तर ते आडनाव असू शकत नाही. वाचणाऱ्याची चूक तरी आहे, नाहीतर ते माणसाचे पहिले नाव आहे.

पहिल्या नावाचा हा मुद्दा मोजदादीत सतत आडवा येतो. यिल्माझ हे पुरुषाचे नाव म्हणूनही चालते. दिग्दर्शक यिल्माझ ग्युनेय यांचे ते पहिले नाव. जन्माचे आडनाव प्युत्युन. स्वीडनच्या संसदेत अनेक वर्षे असलेले, सीरियाक समाजातले यिल्माझ केरिमो यांचेही पहिलेच. पंतप्रधान झालेले मेसुत यिल्माझ यांचे मात्र आडनाव. ज्या यादीत नाव-आडनाव एकाच रकान्यात आहे तिथे 'यिल्माझ' शोधून आकडा काढला तर तो फुगलेला येणार.

मोजायचे कसे आणि कुठे चुकते

जगभरातली गणती एका पानावर देणारी संकेतस्थळे आहेत. त्यांचे आकडे बहुतेक अंदाजाने वाढवलेले असतात आणि आधार काय ते सांगितलेले नसते. देशोदेशीची मूळ सामग्री वेगवेगळ्या जातीची आहे, हे आधी समजून घ्यावे.

नेदरलँड्सच्या आडनाव-कोशात १९४७ आणि २००७ असे दोन आकडे आणि नगरपालिकानिहाय नकाशा मिळतो. यिल्माझसाठी हा नमुनेदार साधनग्रंथ आहे, कारण दोन्ही वर्षांच्या मध्ये १९६४ चा करार येतो. बेल्जियमची सांख्यिकी कचेरी आडनावांची नगरपालिकानिहाय आकडेवारी प्रसिद्ध करते. फ्रान्सची आडनाव-फाइल १८९१ ते २००० पर्यंत दशकवार आहे, पण ती फ्रान्समध्ये जन्मलेल्यांचीच. म्हणजे १९७० साली आलेला कामगार त्यात नाही, त्याची तिथे जन्मलेली मुले आहेत. हे न पाहता 'फ्रान्समध्ये यिल्माझ १९७० च्या दशकात आले' असा निष्कर्ष काढला की पहिली पिढीच गळते. अमेरिकेच्या जनगणना-खात्याच्या २०१० च्या यादीत किमान शंभरदा आलेली १,६२,२५३ आडनावे आहेत, सगळी मोठ्या अक्षरांत, खुणा काढून टाकलेली. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांच्या सरकारी नावशोधात चालू आकडा मिळतो, जुना नाही.

जर्मनीत, म्हणजे जिथे सर्वांत जास्त गरज आहे तिथेच, सरकारी आडनाव-गणती नाही. अभ्यासक टेलिफोनच्या नोंदींवर भिस्त ठेवतात. जर्मन आडनावांचा मोठा नकाशासंग्रह २००५ च्या लँडलाइन जोडण्यांवर उभा आहे. यात एक घर म्हणजे एक नोंद, बहुधा पुरुषाच्या नावाची. घरात दोघे असोत की आठ, मोजणी एकच. तुर्की घरे सरासरीने मोठी असल्याने आणि नंबर यादीत न देणाऱ्यांचे प्रमाण वेगळे असल्याने यिल्माझ त्यात खऱ्यापेक्षा कमी दिसतो. नोंदींना जर्मन सरासरी कुटुंबाच्या आकाराने गुणून लोकसंख्या काढणे ही इथली नेहमीची चूक.

आता टिंब. संगणकात बिनटिंबाच्या छोट्या आयचा युनिकोड क्रमांक यू+०१३१ आणि टिंबवाल्या मोठ्या आयचा यू+०१३०. जुन्या पश्चिम-युरोपीय संकेतसंचात (अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या यादीत) ही अक्षरेच नव्हती; तुर्कीसाठीच्या संचात आइसलँडिक भाषेची सहा अक्षरे काढून त्या जागी तुर्की अक्षरे बसवली होती. त्यामुळे चुकीच्या संचाने उघडलेल्या जुन्या फाइलीत यिल्माझच्या पोटात आइसलँडिक अक्षर दिसते. यादी साफ करताना पुढचा सापळा: खुणा उतरवण्याची नेहमीची युनिकोड विघटनाची (अक्षर आणि त्यावरची खूण वेगळी करण्याची) रीत बिनटिंबाच्या आयवर चालतच नाही, कारण ते स्वतंत्र अक्षर आहे, त्याचे विघटन होत नाही. ते हाताने साध्या आयवर न्यावे लागते. उलट टिंबवाला मोठा आय साध्या रीतीने छोटा केला तर आय आणि वर तरंगणारे सुटे टिंब अशी दोन चिन्हे होतात, आणि दिसायला सारखी दोन नावे जुळत नाहीत. सगळ्या मोठ्या अक्षरांतले आडनाव तुर्की नियमाने छोटे केले की बिनटिंबाचे होते, इंग्रजी नियमाने केले की टिंबाचे. म्हणून मोजणीआधी सगळे रूप एकाच साध्या आयवर आणावे, आणि मूळ लेखन दुसऱ्या रकान्यात जपून ठेवावे. बल्गेरियन आणि रशियन लिपीतून परत आलेली रूपे वेगळी तपासावीत.

जोडनावे मात्र मिसळू नयेत. ओझयिल्माझ, यिल्माझेर, यिल्माझतुर्क, यिल्माझओलू ही १९३४-३६ मध्येच वेगळी म्हणून नोंदलेली आडनावे आहेत.

एका घराचा माग काढायचा असेल तर

परदेशातल्या तिसऱ्या पिढीचा प्रश्न वाटणीचा नसतो, स्वतःच्या घराचा असतो. त्यासाठी यिल्माझ हा शब्द बाजूला ठेवून चार गोष्टी गोळा कराव्यात: आजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, आईचे नाव, आणि नोंदणीचे गाव. हे गाव राहण्याचे किंवा जन्माचे असेलच असे नाही. नागरिकाची नोंद कुटुंबाच्या मूळ वहीत असते.

सर्वांत कामाची वस्तू म्हणजे आजोबांचे जुने ओळखपत्र, पुरुषांचे निळे आणि बायकांचे गुलाबी. त्याच्या मागच्या बाजूला प्रांत, तालुका, गाव किंवा मोहल्ला, खंडक्रमांक ('जिल्त'), कुटुंबाचा अनुक्रमांक आणि व्यक्तीचा अनुक्रमांक छापलेला असतो. २०१७ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या चिपच्या कार्डावर हे आकडे नाहीत. म्हणून जुने कार्ड रद्द झाले तरी टाकू नये. टाकायचेच असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा.

दुसरी पायरी 'ए-देवलेत' या सरकारी पोर्टलवरची वंशावळ. ती ८ फेब्रुवारी २०१८ रोजी खुली झाली आणि काही तासांत लोकांच्या झुंबडीने कोलमडली, मग काही दिवसांनी पुन्हा उघडली. पासवर्ड तुर्कस्तानात टपाल कचेरीत आणि परदेशात वकिलातीत मिळतो. यादीत प्रत्येक पूर्वजाचे नाते, नाव, आईबाप, जन्मस्थळ, जन्मवर्ष आणि वहीचा पत्ता येतो. तिची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या उस्मानी शिरगणतीत आहेत. त्या वेळी हयात असलेल्या म्हाताऱ्याचे जन्मवर्ष नोंदलेले असल्याने माग एकोणिसाव्या शतकात जातो. १९३४ पूर्वी वारलेल्या पूर्वजाला अर्थातच आडनाव असण्याचे कारण नाही. नेमका इथेच पुष्कळजण 'नोंद अपुरी आहे' म्हणून थांबतात. ती अपुरी नसते.

जन्मवर्ष १३०५, १३२२ असे दिसले तर ते रूमी (उस्मानी सरकारच्या सौर) पंचांगातले. त्यात ५८४ मिळवावे: १८८९, १९०६. महिन्या-दिवसाच्या फरकाने एक वर्ष इकडेतिकडे होऊ शकते. हिजरी समजून रूपांतर केले तर एक ते तीन वर्षांची चूक पदरात पडते. एका गावात निम्म्या लोकांचा जन्म १ जुलैचा दिसला तरी चकित होऊ नये. दिवस-महिना माहीत नसला की १ जुलै धरायची पद्धत आहे.

बायकांच्या बाजूने जाताना लक्षात ठेवायचे की लग्नानंतर स्त्रीची नोंद नवऱ्याच्या कुटुंबक्रमांकावर जाते. तिचे माहेर शोधायला नोंदणी कचेरीतून घडामोडींसह उतारा मागवावा. त्यात ती कोणत्या घरक्रमांकावरून आली ते असते. आडनावाच्या बाबतीत विवाहित स्त्रीला नवऱ्याचे नाव लावण्याची सक्ती तुर्की घटना-न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली आणि तो निर्णय २८ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. त्याआधीच्या नोंदींत मात्र यिल्माझ आजी जन्माची यिल्माझ आहे की लग्नाची, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

त्याच्या मागे जायचे तर इस्तंबूलचे उस्मानी दफ्तर. १८३० च्या दशकापासूनच्या लोकसंख्या-वह्यांत फक्त पुरुष आहेत, पण घराघराने. १८४४-४५ च्या उत्पन्न-वह्यांत घरमालकाचे नाव, जमीन, जनावरे, कर सगळे येते. दोन्हींत घराण्याची ओळख लाकापने आहे. तेव्हा ओळ जोडणारा दुवा म्हणजे गावातल्या वृद्धांना आजही माहीत असलेले घराचे जुने नाव: 'मोल्लागिल', 'हाजीलार' असे काहीतरी. हे फोन करून विचारायचे काम आहे, आणि ते पुढे ढकलू नये. गावाचे नावही तपासावे: विसाव्या शतकात बारा हजारांच्या आसपास गावांची नावे बदलली गेली, त्यामुळे आजच्या नावाने वही शोधली तर ती सापडणार नाही. जुने नाव कळले, लाकाप कळला आणि खापरपणज्याच्या बापाचे नाव जुळले, की अरबी लिपीतले ते पान उघडते. त्या पानावर यिल्माझ हा शब्द कुठेच नसतो.